संत्र्याच्या पानांवर ९९ टक्के आले. आता मशीन लर्निंगच्या संशोधनाकडे कसं जायचं?

हिंगणा_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. मी बी.कॉम., हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. जीएसटीच्या तारखा सांभाळून जो वेळ उरतो त्यात मशीन लर्निंग शिकते. आधी अँड्र्यू इंग यांचा कोर्सेरावरचा कोर्स केला, मग एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या मितेश खापरा सरांचा डीप लर्निंगचा. पायथन वाटेत शिकले. ऑफिसात किंवा घरात या विषयावर बोलायला कोणी नाही.

मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, म्हणून पहिला स्वतःचा प्रोजेक्ट पानांच्या रोगांवर घेतला. कॅगल या डेटासेटच्या साइटवरून प्लांटव्हिलेज हा पानांच्या फोटोंचा डेटासेट उतरवला आणि गूगल कोलॅबच्या फुकटच्या जीपीयूवर (वेगवान गणिताच्या चिपवर) रेसनेट-१८ हे फोटो ओळखणारं तयार मॉडेल त्या फोटोंवर पुढे शिकवलं, म्हणजे फाइन-ट्यून केलं. टेस्ट सेटवर, म्हणजे शिकवताना न दाखवलेल्या फोटोंवर, अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली. मामांना दाखवलं तर ते म्हणाले, "चांगलं आहे. मग आपल्या बागेतलं पान दाखवलं तर सांगते का?" ते मी अजून करून पाहिलेलं नाही.

मला यात नोकरी नकोय, निदान आत्ता तरी. मला संशोधन करायचं आहे. आधी कोणाला माहीत नव्हतं असं काहीतरी शोधून काढायचं आणि जाणकारांनी ते तपासून बरोबर आहे म्हणावं, एवढी इच्छा आहे. आणखी कोर्स करू का? गणित किती लागतं? बारावीपर्यंतचं कॉमर्सचं गणित झालंय. पदवी नसताना कोणी वाचेल का? आणि हे सगळं नागपुरात बसून होतं का?

सदर_छावणी

ताई, आधी अभिनंदन! नोकरी करून एवढं शिकणं सोपं नाही. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं मत, पाया अजून पक्का करा. फास्ट डॉट एआयचा कोर्स आहे, आंद्रेई करपथींची शून्यापासून न्यूरल नेटवर्क बांधायची व्हिडिओ मालिका आहे, दोन्ही फुकट. नंतर कॅगलच्या स्पर्धा. संशोधन मग आपोआप सुचेल.

खामला_चौक

मी थोडं वेगळं सांगतो. पदवीला कमी लेखू नका. २०२४ पासून गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि एआय असा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. पदवीही आहे, त्याला जेईई लागत नाही आणि नोकरी सांभाळून करता येते. पदवीच्या कागदापेक्षा मोलाचं म्हणजे तिथे मार्गदर्शक मिळतो. चुकीच्या वाटेने गेलात तर कोणीतरी पहिल्याच आठवड्यात थांबवतं. एकट्याने शिकताना सगळ्यात मोठी उणीव हीच असते. पैशाचं आणि वेळेचं गणित तुमचं तुम्ही करा, पण हा दरवाजा बंद करून बसू नका.

धरमपेठी

मी इमेज मॉडेल्सवर बरीच वर्षं काम करतो आहे, मूळचा इथलाच. वरच्या दोन्ही सल्ल्यांचा आदर ठेवून सांगतो: हिंगणाताई, तुम्हाला आत्ता कोर्सची गरज नाही आणि पदवीसाठी थांबायचीही नाही. तुमच्या संशोधनाचा पहिला प्रश्न तुमच्या मामांनी विचारून ठेवला आहे. तुम्ही त्याचं उत्तर शोधायला घ्या.

जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही निवडलेला डेटासेट अभ्यासायला फार चांगला आहे.

प्लांटव्हिलेजमध्ये ५४,३०६ फोटो आहेत, १४ पिकं, २६ रोग, एकूण ३८ वर्ग. त्यावरचा गाजलेला पेपर २०१६ चा. त्यातल्या सर्वोत्तम मॉडेलने ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. तुमचा आकडा त्याच्याच शेजारचा आहे, म्हणजे तुमचं कोडिंग ठीक आहे. पण त्याच पेपरात लेखकांनी प्रामाणिकपणे आणखी एक आकडा दिला आहे, आणि तो फार कमी लोक सांगतात. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, दुसरीकडून मिळवलेले फोटो दिल्यावर हेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं.

असं का झालं असेल? या डेटासेटमधले फोटो झाडावरच्या पानांचे नाहीत. पानं तोडून, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवून काढलेले आहेत. एका रोगाचे फोटो बहुधा एका बैठकीत, एका उजेडात, एकाच कागदावर. मॉडेलला पान बघायची गरजच उरत नाही, कागदाची छटा बघूनही त्याचं काम भागतं. पुढे २०२२ मध्ये एका अभ्यासकाने हे थेट मोजलं. फोटोतलं पान सोडून द्यायचं, पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घ्यायचे आणि त्यावर रोग ओळखायला शिकवायचं. अचूकता ४९ टक्के आली. ३८ वर्गांत डोळे मिटून अंदाज केला तर २.६ टक्के यायला हवी होती.

या प्रयोगाला कुठलंही मोठं यंत्र लागलं नाही, नवं आर्किटेक्चर (मॉडेलची रचना) लागलं नाही. सगळे जो आकडा मिरवत होते त्याच्याकडे बघून एकाने साधा प्रश्न विचारला. मी ज्याला संशोधन म्हणतो ते हेच.

आता तुमच्या संत्र्याकडे या. डेटासेटच्या फोल्डरांची यादी पुन्हा एकदा वाचा. संत्र्याचा वर्ग एकच आहे, सिट्रस ग्रीनिंग या रोगाचा. त्यात साडेपाच हजार फोटो आहेत. निरोगी संत्र्याच्या पानाचा वर्ग त्यात नाहीच. तेव्हा मामांच्या बागेतलं ठणठणीत पान दाखवलं तर मॉडेलपुढे दोनच पर्याय: रोगी म्हणायचं, किंवा ते संत्र्याचं पानच नाही म्हणायचं. "हे पान चांगलं आहे" हे उत्तर त्याच्याकडे नाही. आणि तुमच्या टेस्ट सेटमध्येही निरोगी संत्रं नसल्यामुळे ९९ टक्क्यांना ही उणीव कधी जाणवणारच नाही.

माझा सल्ला असा. आधी तो ८ पिक्सेलचा प्रयोग स्वतः करा. चार कोपरे आणि चार कडांचे मध्यबिंदू घ्या. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन, म्हणजे फोटोमागे २४ आकडे होतात. स्कायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं रँडम फॉरेस्ट (वर्ग ओळखायची एक साधी पद्धत) त्यावर साध्या लॅपटॉपवर चालतं, जीपीयू नको. मग बागेत जा आणि फोटो काढा. तेवढं करून परत या, तेव्हा तुमचे प्रश्न वेगळे असतील.

वरुडचा_बागायतदार

बाई, मी वरुडकडचा. लहानपणापासून संत्र्यातच हावो. कम्प्युटरचं मले काही समजत नाही, पण पानाचं दोन गोष्टी सांगतो, कामी येतीन.

पान पिवळं पडलं म्हणजे ग्रीनिंगच, असं नसते. जस्त कमी पडलं तरी शिरांच्या मधात पिवळं पडते. फरक असा पाहाचा: जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूले सारखं पिवळं दिसते. ग्रीनिंगमध्ये डाव्या बाजूचा डाग उजव्या बाजूले जुळत नाही, चट्टे वेडेवाकडे राह्यते. तरी नुसत्या डोळ्यानं पक्कं सांगता येत नाही, पक्कं प्रयोगशाळेतच होते.

दुसरं, कोळशी. ते पानावर काळं दिसते, पण मूळ काम काळ्या माशीचं. ती चिकट टाकते अन् त्यावर बुरशी वाढते. तिसरं, डिंक्या. त्यात रोग बुंध्याले अन् मुळाले असते, पान नंतर पिवळं पडते. नुसता पानाचा फोटो पाहून तुमचं मशीन काय सांगणार?

अन् मोठी गोष्ट राह्यलीच. आंबिया बहार (फुलोरा) धराले डिसेंबर-जानेवारीत झाडाले ताण देतो आपण. पाणी तोडल्यावर पानं मलूल होते, पिवळी पडते, गळते. तो रोग नाही, आपण मुद्दाम केलेलं असते. त्या वक्ती फोटो काढसान तर पुरी बाग बिमार दिसन. मृग बहाराचा ताण एप्रिल-मे मध्ये. तारीख अन् बहार लिहून ठेवत जा.

धरमपेठी

भाऊ, तुमची ही पोस्ट जपून ठेवण्यासारखी आहे. ताणाचा मुद्दा मला आजवर कुठल्याही मशीन लर्निंगच्या पेपरात दिसलेला नाही. हिंगणाताई, "ताण दिलेल्या झाडाला मॉडेल रोगी ठरवतं का?" हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. बंगलोरच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेत बसलेल्याला तो सुचायचा नाही. काटोल-नरखेड-वरुड पट्ट्यातल्या माणसाला सुचतो. नागपुरात बसून होतं का असं तुम्ही विचारलं होतं. हा प्रश्न तर नागपुरात बसूनच सोडवता येईल.

अंबाझरी_काठ

मी भाषांच्या मॉडेल्सवर पीएच.डी. करते आहे. हिंगणाताईंच्या विषयाचं नाही, पण वरुडच्या काकांची भाषा वाचून राहवलं नाही. मराठीसाठी पुण्याच्या एल३क्यूब गटाने चांगलं काम केलंय, महाबर्ट हे भाषेचं मॉडेल, महाकॉर्पस हा मजकुराचा संग्रह वगैरे. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं आहे. पण काकांनी जे लिहिलं ते वऱ्हाडी या मॉडेल्सना कितपत कळतं, हे कोणीही एका शनिवारी तपासू शकतं. दोनशे वाक्यं प्रमाण मराठीत घ्या, तीच घरातल्या कोणाकडून वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत वदवून घ्या आणि भावना ओळखणारं मॉडेल दोन्हीवर चालवा.

यातही खोलात जायला वाव आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. "च्या" दिसायला एक अक्षर, पण त्यात च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. बाइटवर चालणारा आणि मुख्यतः इंग्रजीवर तयार झालेला टोकनायझर (मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणारा भाग) आपल्या शब्दांचा चुरा करतो. "मले", "काऊन", "राह्यलो" यांचा किती चुरा होतो हे मोजायला जीपीयूही लागत नाही.

हे एवढ्यासाठी लिहिलं की ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनी निराश होऊ नये. आपल्या घरात जे आहे आणि मोठ्या प्रयोगशाळांकडे नाही, तिथे बघा. धाग्याला फाटा फोडल्याबद्दल क्षमस्व.

गणिताच्या_बाई

मी निवृत्त शिक्षिका, गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर हा विषय आवडीने शिकते आहे. गणित किती, याचं उत्तर मी देते.

विषय तीन: रेषीय बीजगणित, अंशतः विकलन आणि साखळी नियम, आणि संभाव्यता. रेषीय बीजगणितासाठी गिल्बर्ट स्ट्रँग यांची एमआयटीतली व्याख्यानं नेटवर मोफत आहेत, त्याहून चांगलं शिकवणं मी पाहिलेलं नाही. पण बाळा, सगळं संपवून मग संशोधन असा क्रम लावू नकोस. तसा क्रम लावलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, ते तयारीतच अडकतात. जिथे अडशील तिथलं गणित त्याच दिवशी शीक.

एक गृहपाठ मात्र देते. दोन थरांचं छोटं नेटवर्क घे, बॅकप्रोपगेशन (चुकीचा हिशोब मागे नेत प्रत्येक वेटचा वाटा काढायची रीत) कागदावर हाताने सोडव, मग नुसत्या नमपायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) लिही. आलेलं ग्रेडियंट (वेट बदललं की लॉस किती बदलतो तो दर) बरोबर आहे का हे तपासायला प्रत्येक वेट (नेटवर्क शिकतं तो आकडा) किंचित वाढवून, किंचित कमी करून लॉसमधला (चुकीच्या मापातला) फरक मोज आणि ताडून पाहा. सॉफ्टमॅक्स (गुणांच्या संभाव्यता करणारं सूत्र) आणि क्रॉस-एन्ट्रॉपी (लॉसचं सूत्र) एकत्र घेतलं की ग्रेडियंट किती साधं निघतं, भाकित वजा खरं उत्तर, हे स्वतः काढून बघ. मला ते पहिल्यांदा निघालं तेव्हा फार आनंद झाला होता.

याचा रोजचा उपयोगही आहे. ३८ वर्ग असतील तर शिकण्याआधी मॉडेलला काहीच माहीत नसतं, तेव्हा लॉस ३८ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका, ३.६४ च्या जवळपास यायला हवा. पहिल्याच पायरीला ९ दिसला तर कोडमध्ये काहीतरी बिघडलंय, पुढे ट्रेनिंग चालवून वेळ घालवू नकोस. तसंच सुरुवातीला एकच बॅच, ३२ फोटोंची, घेऊन त्यावर लॉस शून्याजवळ आणून बघ. तेवढं जमत नसेल तर पूर्ण डेटावर काय जमणार?

आणि आकडेवारी. दोनशे फोटोंवर ८० टक्के आले तर खरी अचूकता साधारण साडेपाच टक्के इकडे किंवा तिकडे असू शकते. सूत्र बारावीच्या पुस्तकातलंच आहे. मग "माझं मॉडेल ८२, त्याचं ८०, मी जिंकले" असं म्हणता येत नाही. एवढं एक भान ठेवलंस तरी छापून आलेल्या कितीतरी दाव्यांपेक्षा तुझं काम भक्कम होईल.

सदर_छावणी

बाई, ३.६४ चा मुद्दा आम्हाला वर्गात कोणी सांगितला नाही. आजच माझ्या प्रोजेक्टमध्ये बघतो.

जीपीयूबद्दल: कॅगल आठवड्याला साधारण ३० तास देतं, कोलॅबचं फुकट सेशन जास्तीत जास्त १२ तास चालतं आणि मधेच तुटू शकतं. दर इपॉकनंतर (पूर्ण डेटाच्या एका फेरीनंतर) चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेलं मॉडेल, ड्राइव्हवर ठेवा. दुपारी आपल्या उन्हात लॅपटॉपवर ट्रेनिंग टाकू नका, तापला की स्वतःच वेग कमी करतो.

हिंगणा_एमआयडीसी

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढं मनापासून कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उशिरा लिहिते आहे कारण महिनाअखेर होती.

आठ पिक्सेलचा प्रयोग केला. रँडम फॉरेस्टच वापरलं, लॅपटॉपवर चहा होईपर्यंत झालं. अचूकता पेपरातल्या आकड्याच्या आसपासच आली. स्क्रीनवर तो आकडा बघून बराच वेळ काही सुचेना. पान अजिबात न दाखवता निम्म्या वेळा रोग बरोबर!

मग रविवारी काटोलला गेले. मोबाइलवर पानांचे फोटो काढले, झाडावरच. बाग निरोगी आहे, मामांनी झाड न् झाड दाखवलं. मॉडेलला दिले. बऱ्याच पानांना त्याने ग्रीनिंग म्हटलं, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने, ९० टक्क्यांच्या वर. काहींना पीच म्हटलं. तेच पान तोडून करड्या कार्डशीटवर ठेवून काढलं तर कधीकधी उत्तर बदलत होतं. पान तेच, झाड तेच, फक्त कागद.

या शेवटच्या गोष्टीने मला झोपू दिलं नाही. पार्श्वभूमी बदलली की उत्तर किती वेळा बदलतं, हे नीट मोजता येईल का? हा प्रश्न संशोधनाचा म्हणता येईल एवढा मोठा आहे का?

धरमपेठी

हो. आणि प्रश्न छोटा आहे हेच चांगलं, त्याचं उत्तर निघेल.

करायचं कसं ते लिहितो. एक पान घ्या, तेच पान चार पार्श्वभूमींवर ठेवा: झाडावर, करडा कागद, काळा कागद, तळहात. चारही फोटो एका मिनिटात, एका उजेडात. म्हणजे पान स्थिर, बदलतं ते एकच. पार्श्वभूमी बदलल्यावर किती पानांचं उत्तर बदललं, हा तुमचा मुख्य आकडा. निरोगी पान "निरोगी" म्हणता येत नाही ही अडचण इथे आड येत नाही, कारण तुम्ही उत्तर बरोबर की चूक हे मोजतच नाही, ते टिकतं का हे मोजता आहात.

मग उपाय करून बघा. ट्रेनिंगच्या फोटोंतलं पान कापून पार्श्वभूमी काळी केलेली आवृत्ती या डेटासेटसोबत मिळते. तिच्यावर शिकलेलं मॉडेल कमी डगमगतं का? पार्श्वभूमी मुद्दाम सरमिसळ करून शिकवलं तर? प्रत्येक प्रयोग निदान तीन वेगवेगळ्या रँडम सीडवर (यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यावर) चालवा. एका सीडवर आलेल्या निकालावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

एक सवय आत्तापासून लावून घ्या. प्रयोग चालवण्याआधी वहीत तारीख टाकून लिहा: मला काय होईल असं वाटतं, का वाटतं, आणि काय दिसलं तर माझं म्हणणं खोटं ठरेल. अकाउंट्सवाल्या आहात, नोंदीची शिस्त तुम्हाला शिकवायला नको. आमच्या क्षेत्रात ती फार थोड्यांकडे असते.

खामला_चौक

हे वाचून एक मान्य करतो, सुरुवातीला पदवी लागत नाही. ख्रिस ओला यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नाही आणि न्यूरल नेटवर्कच्या आत काय घडतं या अभ्यासात त्यांचं नाव आघाडीवर घेतलं जातं. पण माझा मार्गदर्शकाचा मुद्दा तसाच राहतो. तो कुठून आणायचा?

अंबाझरी_काठ

ऑनलाइन खुले गट आहेत. एल्युथरएआय या संशोधन गटाच्या डिस्कॉर्डवर (गप्पांच्या ॲपवर) कोणीही जाऊ शकतं. एमएल कलेक्टिव्ह ही संस्था तर संस्थेबाहेरच्या संशोधकांसाठीच २०२० मध्ये सुरू झाली. आधी महिनाभर नुसतं वाचा, मग आपला प्रयोग आणि आलेख घेऊन नेमका प्रश्न विचारा. "मला मार्गदर्शन करा" या मेलला उत्तर येत नाही. "तुमच्या पेपरातला तिसरा तक्ता मी पुन्हा काढून पाहिला, माझा आकडा वेगळा येतोय, कोड इथे आहे" या मेलला बरेचदा येतं. मलाही असंच आलं होतं.

पानांच्या बाजूने तर आपल्या गावातच जाणकार आहेत. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे. रोगाचं लेबल बरोबर आहे का हे त्यांनाच विचारायला हवं, इंटरनेटला नाही.

सदर_छावणी

छापायचं कुठे? आमच्या कॉलेजात बरेच जण पैसे भरून आठवड्यात पेपर छापून आणतात. प्रमाणपत्रही मिळतं.

धरमपेठी

त्या वाटेला जाऊ नका. पैसे घेऊन, न तपासता छापणाऱ्या जर्नलमधला पेपर जाणकाराने पाहिला तर तुमच्या बाकीच्या चांगल्या कामावरही त्याचा विश्वास बसत नाही. शिवाय हिंगणाताईंना हवी आहे ती तपासणीच तिथे होत नाही.

टीएमएलआर नावाचं जर्नल २०२२ पासून आहे. वर्षभर कधीही पाठवता येतं, फी नाही आणि परीक्षणं सगळ्यांना वाचता येतात. मला त्याचा निकष आवडतो: दाव्याला पुरेसा पुरावा आहे का, आणि वाचकांपैकी काहींना तरी तो कामाचा वाटेल का. काम किती नवं, किती भव्य यावर ते अडून बसत नाहीत. दुसऱ्यांचे निकाल पुन्हा काढून पाहण्याची एक वार्षिक मोहीमही आहे, रिप्रोड्युसिबिलिटी चॅलेंज, जोएल पिनो यांनी २०१८ मध्ये सुरू केलेली. तुमचं काम तिच्या जातकुळीचं आहे. अर्काइव्ह या पेपर ठेवायच्या खुल्या साइटवर टाकायला नव्या माणसाला त्या विषयातल्या कोणाची तरी शिफारस लागते. तोपर्यंत गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड आणि सविस्तर लेख ठेवा, त्यालाही वाचक मिळतात.

पण हे सगळं नंतरचं. आधी फोटो.

हिंगणा_एमआयडीसी

फोटोंची तयारी सुरू केली आहे. मामा आणि त्यांच्या ओळखीच्या दोघांच्या बागा मिळाल्या, कळमेश्वरकडची एक. प्रत्येक फोटोसोबत बाग, झाड क्रमांक, तारीख, वेळ, बहार, ताण आहे की नाही, मोबाइल कोणता, पार्श्वभूमी कोणती, एवढं एक्सेलमध्ये लिहिणार. लेबल दोन जणांकडून वेगवेगळं घेणार आणि ते कितपत जुळतं तेही नोंदवणार. काही सुटतंय का?

वरुडचा_बागायतदार

पानाचं वय लिहा. कोवळी नवती अन् जुनं पान, रंग अलग राह्यते. झाडाची कोणती बाजू तेही लिहा, दक्षिणेकडच्या पानाले ऊन जास्त. अन् फोटो सकाळी दहाच्या आत काढा. दुपारी पान चमकते, फोटोत पांढरं येते. एका बागेतून दुसरीत जाताना हात अन् कात्री धुवून जा बाई, नाहीतर बिमारी तुम्हीच घेऊन जासान.

माझी बाग पण घ्या. वरुडले या, एसटी सरळ येते. आमच्या इथं दोन झाडं मले संशयित वाटते, त्याचं पान तपासाले पाठवाचंच आहे.

हिंगणा_एमआयडीसी

काका, नक्की येते. प्रयोगशाळेचा निकाल मिळाला तर तो याच यादीत जोडते, तुमची परवानगी असेल तर.

धरमपेठी

शेवटची एक तांत्रिक गोष्ट, ही आत्ताच ठरवून ठेवा, नंतर दुरुस्त करता येत नाही. ट्रेनिंग आणि टेस्ट अशी विभागणी फोटोंवर करू नका, बागांवर करा. एका पानाचे चार फोटो आहेत. त्यातले तीन ट्रेनिंगमध्ये आणि एक टेस्टमध्ये गेला तर मॉडेल ते पान आधीच ओळखत असेल आणि आकडा पुन्हा ९९ कडे पळेल. झाड वेगळं केलं तरी पुरत नाही, एका बागेतली माती, कलम, खत सारखं असतं. स्कायकिट-लर्नमध्ये ग्रुप-के-फोल्ड ही गटवार विभागणीची सोय आहे, त्याला गट म्हणून बागेचं नाव द्या. वरुडच्या काकांची बाग ट्रेनिंगला हातही लावू न देता बाजूला ठेवा. शेवटी एकदाच, सगळे निर्णय झाल्यावर, त्या बागेवर मॉडेल चालवा आणि जो आकडा येईल तो छापा.

हिंगणा_एमआयडीसी

ठरलं. वरुडची बाग टेस्टची. यादीत पहिल्या रकान्यात बागेचं नाव टाकलं आहे. एक्सेलचा नमुना आणि आठ पिक्सेलचा कोड गिटहबवर ठेवून इथे सांगते, कोणाला स्वतःच्या बागेचे फोटो याच पद्धतीने काढायचे असतील तर तोच नमुना वापरा म्हणजे सगळ्यांच्या नोंदी जुळतील. कलमाचा प्रकार हा रकाना धरमपेठी सरांच्या पोस्टवरून आत्ता वाढवला. खुंट जंबेरीचा की रंगपूरचा, हे मामांना विचारून भरते.